जुन्या गाडीचा ब्रेक कॅलिपर: साफ करून भागेल, किट टाकायचं, की बदलायचाच?

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की ब्रेकची एक तक्रार हमखास येते. पॅड नवे टाकून दोन महिनेही झालेले नसतात आणि एक चाक तापू लागतं, ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते, ॲव्हरेज पडतं. एक गॅरेजवाला म्हणतो, ‘कॅलिपर गेला, नवीन टाका.’ दुसरा म्हणतो, ‘पिना मोकळ्या करून देतो, चालेल अजून चार वर्षं.’ मालक मधल्या मधे अडकतो. गाडीचीच किंमत लाखाच्या आत आलेली असते, त्यात खर्च किती करायचा हा प्रश्न असतो. पण याच गाडीतून पसरणीचा, केळघरचा किंवा कुंभार्लीचा घाट घरच्या माणसांसह उतरायचा असतो.

यातला निर्णय गाडीच्या वयावर करायचा नसतो आणि कॅलिपर बाहेरून किती गंजलाय यावरही नाही. कॅलिपर नेमका कुठे अडकलाय, हे आधी शोधायचं. पिना अडकल्या असतील तर साफसफाईत भागतं. सील गेलं असेल तर किट पुरतं. पिस्टन किंवा बॉडी खराब असेल तरच कॅलिपर बदलावा लागतो, आणि तेव्हा मात्र घासाघीस करायची नसते. कधी कधी तर कॅलिपर धडधाकट असतो आणि दोष होज पाइपचा निघतो.

कॅलिपर करतो काय?

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क चाकाबरोबर फिरते. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात पकडणारा लोखंडी भाग म्हणजे कॅलिपर. त्याच्या आत एक पिस्टन असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन बाहेर येतो आणि आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच जोराने कॅलिपरची बॉडी दोन पिनांवर उलट्या बाजूला सरकते आणि बाहेरचा पॅडही डिस्कला भिडतो. म्हणजे पॅड दोन, पण ढकलणारा पिस्टन एकच. म्हणूनच त्या पिनांवर बॉडी मोकळी सरकणं फार गरजेचं असतं.

पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग आत नसते. पिस्टनभोवती चौकोनी काठाचं रबरी सील असतं. दाबाखाली ते थोडं पिळतं आणि दाब गेला की पुन्हा मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेतं. तेवढ्यानेच चाक मोकळं होतं. हे सील कडक झालं, फुगलं किंवा पिस्टनवर गंज चढला, की पिस्टन मागे येत नाही आणि पॅड डिस्कला घासतच राहतो.

जुन्या गाडीत बिघाड कशाने होतो?

पहिलं कारण पाणी आणि चिखल. महाबळेश्वर, जावळी, पाटण भागात पावसाळ्याचे चार महिने चाकं ओलीच असतात. पिनांवरच्या आणि पिस्टनवरच्या रबरी टोप्यांना बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गंज धरतो. माण-खटावकडे पाऊस कमी, पण धूळ बारीक. फाटक्या टोपीतून ती आत गेली की ग्रीसमध्ये मिसळून घट्ट लगदा होतो. ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर चिखल आणि धूळ दोन्हीचा मारा असतो.

दुसरं कारण गाडी उभी राहणं. मुलगा पुण्या-मुंबईला, गाडी गावी पत्र्याच्या शेडमध्ये आणि महिन्यातून एकदा बाजाराला बाहेर काढायची, अशा गाडीचे कॅलिपर रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर जाम होतात. पिना आणि पिस्टन हलत राहिले तर मोकळे राहतात.

तिसरं कारण जुनं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. तो ओलावा पिस्टनभोवती आणि सीलच्या खोबणीत आतून गंज धरतो. बाहेरून कॅलिपर चकाचक दिसला तरी आतून पिस्टन खाल्लेला असू शकतो, तो यामुळे.

चौथं कारण दुरुस्तीची चुकीची पद्धत. कॅलिपर खोलून पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुतला जातो आणि पिनांना साधं चाकाचं ग्रीस लावलं जातं. ब्रेकच्या सीलचं रबर खनिज तेलाला टिकत नाही, फुगतं. काम झाल्यावर दोन-चार आठवडे सगळं ठीक वाटतं, मग चाक पुन्हा जाम होतं आणि दोष ‘जुन्या कॅलिपर’वर जातो.

‘नवे पॅड टाकल्यावरच त्रास सुरू झाला’ अशी तक्रार बरेच जण करतात. त्यालाही कारण आहे. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर बाहेर येत राहतो. नवे जाड पॅड बसवताना त्याला पुन्हा आत ढकलावं लागतं. टोपी फाटकी असेल तर बाहेर राहिलेल्या भागावर गंज आणि घाण साचलेली असते, तीच सीलमध्ये घुसते. दोष पॅडचा नसतो. पॅड बदलताना टोपी आणि पिस्टन पाहिलेच नाहीत, ही खरी अडचण असते.

गाडी आधी कोणत्या खुणा देते?

एक चाक तापणं: सपाट रस्त्यावर, ब्रेक फारसा न वापरता आठ-दहा किलोमीटर गाडी चालवल्यावर पुढची दोन्ही चाकं साधारण सारखीच गरम हवीत. एका चाकाजवळ हात नेताच झळ लागली आणि दुसरं कोमट असेल, तर गरम चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. डिस्कला हात लावू नये, भाजतं.

गाडी ओढणं: ही खूण नीट समजून घ्यावी. ब्रेक न दाबताही गाडी एका बाजूला ओढत असेल आणि त्याच बाजूचं चाक तापत असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर धरून बसलाय. ब्रेक दाबल्यावरच डावीकडे ओढत असेल, तर बऱ्याचदा डावा ब्रेक चांगला असतो आणि उजवा नीट पकडत नसतो. म्हणजे गाडी ज्या बाजूला ओढते तीच बाजू खराब, असं दरवेळी नसतं. टायरमधली हवा आणि अलाइनमेंटमुळेही गाडी ओढते, म्हणून आधी हवा तपासावी.

पॅडची असमान झीज: एकाच चाकाचे दोन पॅड बाहेर काढून शेजारी ठेवले तर बरंच कळतं. दोन्ही सारखे झिजले असतील तर कॅलिपर बरा आहे. एक संपलेला आणि दुसरा निम्मा शिल्लक असेल, तर पिना किंवा पिस्टन अडकलाय. पॅड पाचरीसारखा एका टोकाला पातळ झाला असेल, तर बहुधा दोनपैकी एकच पिन जाम आहे.

ऑइल गळणं: चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या भिंतीवर किंवा कॅलिपरखाली ओलसर तेलकट डाग दिसला, तर गाडी बाहेर काढायची नाही. ही खूण सगळ्यात गंभीर.

याशिवाय जळका वास, न्यूट्रलला टाकल्यावर गाडी पटकन थांबणं, एकाच चाकाच्या रिमवर काळी भुकटी जास्त दिसणं, ॲव्हरेज अचानक कमी होणं, याही खुणा आहेत.

एक गोष्ट मात्र घाबरण्यासारखी नाही. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो आणि पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात. डिस्क उघड्या लोखंडाची असते. हा वरवरचा गंज थोड्याच अंतरात घासून जातो.

घरच्या घरी काय तपासता येतं?

गाडी सपाट जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. गिअर न्यूट्रलला ठेवून पुढचं एक चाक जॅकवर उचलावं. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. भक्कम स्टँड असेल तरच चाक काढावं.

चाक हाताने फिरवून पाहावं. थोडा घासल्याचा आवाज येणं चालतं, पण एका हाताने चाक सहज फिरलं पाहिजे. मग कोणाला तरी गाडीत बसवून पेडल दाबायला आणि सोडायला सांगावं. सोडल्याबरोबर चाक पुन्हा मोकळं व्हायला हवं. दुसऱ्या चाकावरही हेच करावं. दोन चाकांमधला फरक हाताला लगेच कळतो.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू खाली येते, ते साहजिक आहे. पण महिन्याभरात ऑइल पुन्हा पुन्हा टाकावं लागत असेल, तर ते कुठेतरी गळतंय. ऑइल टाकून गाडी चालवत राहणं हा त्यावर इलाज नाही.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरावं. पेडल एका जागी टिकलं पाहिजे. ते हळूहळू खाली जात असेल, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून गेलाय.

दोष कॅलिपरचा की होज पाइपचा?

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कॅलिपरला जोडलेला रबरी होज पाइप बाहेरून चांगला दिसतो, पण वर्षानुवर्षांनी आतून फुगतो. मग पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. चाक जाम होतं, कॅलिपर बदलला जातो आणि आठ दिवसांत तक्रार पुन्हा सुरू होते.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. गॅरेजवाल्यासमोर उभं राहून ती करून घ्यावी. चाक जाम असतानाच कॅलिपरवरची हवा काढायची निपल थोडी सैल करायची. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब मागे अडकला होता. म्हणजे दोष होज पाइपचा किंवा मास्टर सिलिंडरचा. निपल उघडूनही चाक जामच राहिलं, तर पिस्टन किंवा पिना अडकल्यात, दोष कॅलिपरचा. पहिल्या प्रकारात पुढची पायरीही आहे. चाक पुन्हा जाम झाल्यावर होज पाइप जिथे लोखंडी नळीला जोडलाय तो वरचा जोड सैल करायचा. तिथे चाक मोकळं झालं तर दोष आणखी मागे, मास्टर सिलिंडरकडे. तिथे न सुटता निपल उघडल्यावरच सुटलं, तर होज पाइप गेलाय. या तपासणीनंतर हवा काढावी लागते, पण कॅलिपरचा फुकटचा खर्च वाचतो.

निर्णय कसा करायचा?

साफसफाईत भागतं, जेव्हा…
पिस्टन हळूहळू दाब दिल्यावर एकसारखा आत जातो, गळती नाही, पिस्टनची टोपी अखंड आहे आणि फक्त पिना कोरड्या किंवा घट्ट झाल्यात. पिना बाहेर काढून, त्यांची भोकं साफ करून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पिना नव्या घ्यायच्या. पिनांच्या टोप्या फाटल्या असतील तर त्या बदलल्याशिवाय काम पुरं होत नाही. पॅड ज्या खाचांत बसतात तिथला गंजही खरवडून काढावा. पॅड त्या खाचांत हाताने सरकला पाहिजे, हातोडीने ठोकून बसवायचा नाही.

किट टाकायचं, जेव्हा…
पिस्टनची टोपी फाटलीय, सील कडक झालंय किंवा पिस्टन जड जातोय, पण बाहेर काढल्यावर पिस्टनचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत आहे. किटमध्ये सील आणि टोप्या येतात. बरेच कॅलिपर एवढ्यावर पुन्हा चांगले चालतात. सील बसतं ती खोबणी बारकाईने साफ करावी लागते. तिथे गंजाचा थर राहिला तर नवं सीलही पिस्टनला आवळून धरतं आणि किट वाया जातं.

कॅलिपर बदलायचाच, जेव्हा…
पिस्टनवर खड्डे पडलेत किंवा त्याचा चकचकीत मुलामा सुटलाय आणि त्या मॉडेलचा पिस्टन सुटा मिळत नाही. सील याच पृष्ठभागावर बसतं, त्यामुळे पॉलिश पेपरने घासून खड्डा जात नाही, उलट गळती वाढते. बॉडीला चीर आहे. सीलची खोबणी गंजाने खाल्लीय. निपल गंजून तुटलीय किंवा आटे गेलेत, हवा काढता येत नाही. पिनांची भोकं झिजून कॅलिपर खुळखुळतोय. किंवा किट नीट टाकूनही काही महिन्यांत तोच कॅलिपर पुन्हा जाम झालाय.

खर्चाचा अंदाज असा: साफसफाई म्हणजे मुख्यतः मजुरी, किट बहुतेक छोट्या गाड्यांना काही शे रुपयांत आणि नवा कॅलिपर काही हजारांत. आणखी एक हिशेब धरावा. जाम कॅलिपर तसाच ठेवला तर पॅड, डिस्क आणि चाकाचं बेअरिंग तापून खराब होतं. मग वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त जातात.

एकच बदलायचा की दोन्ही बाजूंचे?

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदलतात. यात सूट नाही. कॅलिपरचं तसं नाही. एक बाजू पूर्ण गेली असेल आणि दुसरी उघडून तपासल्यावर पिस्टन, सील, टोप्या खरोखर चांगल्या निघाल्या, तर एक बदलून चालतं. पण दोघांचं वय आणि झेललेला पाऊस-चिखल सारखाच असतो. म्हणून दुसरी बाजू निदान खोलून, पिना साफ करून, जमल्यास किट टाकून घ्यावी. दोन्ही बाजूंची पकड सारखी असणं महत्त्वाचं. देशात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ते नाही. अशा गाडीत ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला आणि एकच बाजू पकडली, तर गाडी फिरायला वेळ लागत नाही.

भाग विकत घेताना

मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार डिस्क आणि कॅलिपर बदललेले असतात. आरसी बुकावरचं वर्ष आणि चॅसिस नंबर दाखवून, शक्यतो जुना कॅलिपर सोबत नेऊनच भाग घ्यावा. डावा आणि उजवा कॅलिपर वेगळा असतो. ओळख सोपी आहे: बसवल्यावर हवा काढायची निपल वरच्या बाजूला आली पाहिजे. ती खाली आली तर बाजू उलटली. मग कितीही पंप मारा, आतली हवा निघत नाही आणि पेडल मऊच राहतं.

भंगार बाजारातला कॅलिपर स्वस्त पडतो, पण तो कोणत्या गाडीचा आणि किती दिवस उघड्यावर पडलेला, हे कळत नाही. घ्यायचाच झाला तर पिस्टन काढून पाहावा आणि नवं किट टाकल्याशिवाय बसवू नये. सरळ उचलून बसवलेला जुना कॅलिपर म्हणजे एक अडचण काढून दुसरी घेणं.

काम चालू असताना काय पाहावं?

कॅलिपर होज पाइपवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. सील आणि पिस्टन ब्रेक क्लीनरने किंवा नव्या ब्रेक ऑइलनेच साफ करावेत. पेट्रोल, डिझेल, रॉकेल चालत नाही. ग्रीस पिनांवर लावायचं असतं, ते पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला लागता कामा नये. होज पाइप बोल्टने जोडलेला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे टाकावेत. डिस्कची जाडीही मोजून घ्यावी. डिस्कवर किंवा तिच्या मधल्या भागावर कमीत कमी जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क नव्या कॅलिपरबरोबरही धोकादायकच. पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की तेही बदलायचं.

मागच्या चाकालाही डिस्क असलेल्या अनेक गाड्यांत हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असतो. तिथला पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, फिरवत आत घ्यावा लागतो. क्लॅम्पने जोर लावला तर आतली रचना मोडते. हे माहीत असलेल्याकडेच ते काम द्यावं.

काम झाल्यावर हवा पूर्ण काढली पाहिजे. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करावं, कारण पहिल्या दोन-तीन वेळा ते थेट खाली जातं. हे विसरून गाडी गॅरेजबाहेर काढली तर पहिल्याच उताराला ब्रेक लागत नाही. नंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात दहा-बारा वेळा हळूहळू ब्रेक दाबून पॅड आणि डिस्क एकमेकांना बसू द्यावेत. शेवटी निपल आणि जोड पुसून, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावेत. ओल दिसता कामा नये.

ब्रेक ऑइल: स्वस्त काम, मोठा फायदा

डॉट ३ प्रकारचं नवं, कोरडं ऑइल कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. ओलावा धरल्यावर त्याच ऑइलची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं, ब्रेक लागत नाही.

घाटात हे का महत्त्वाचं, ते एका हिशेबाने कळेल. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत साधारण साडेपाचशे मीटरचा फरक आहे. माणसांसह ९०० किलो भरणारी छोटी गाडी तेवढं उतरताना जी ऊर्जा सोडते, तिच्यावर सुमारे १५ लिटर साधं पाणी उकळीला येईल. गाडी योग्य गिअरमध्ये असेल तर यातला बराच भाग इंजिन झेलतं. न्यूट्रलला उतरवली तर जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात एक कॅलिपर आधीच घासत असेल, तर त्याचं ऑइल सगळ्यात आधी उकळतं. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलावं. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच घ्यावं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही.

घाटात जळका वास आला तर

गाडी लोअर गिअरमध्ये घेऊन सुरक्षित, रुंद जागा पाहून थांबावं. इंजिन चालू असताना ब्रेकला बूस्टरची मदत मिळते, त्यामुळे उतारावर इंजिन बंद करू नये. थांबल्यावर गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तडकते. अर्धा-पाऊण तास आपोआप थंड होऊ द्यावी. मग पेडल कडक लागत असेल तर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जावं. पेडल मऊ असेल किंवा ऑइल गळत असेल तर गाडी ओढूनच न्यावी.

चालत्या गाडीत पेडल खाली गेलं तर घाबरून इंजिन बंद करू नये. पेडल भराभर पंप करावं, एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक झटका न देता हळूहळू ओढावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाडी गावातल्या गावातच फिरते, तरी तपासायची का?
हो. कमी चालणाऱ्या गाडीचेच कॅलिपर जास्त जाम होतात. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर पिना खोलून ग्रीस करून घ्यावं.

कॅलिपर किती वर्षांनी बदलायचा?
त्याला ठरलेली मुदत नाही. टोप्या आणि ऑइल वेळेवर बदललेला कॅलिपर गाडीच्या आयुष्यभर टिकू शकतो. दुर्लक्ष झालेला पाच-सहा वर्षांतही जातो.

एक चाक थोडंच गरम होतं, महिनाभर चालवली तर?
सपाट रस्त्यावर, कमी वेगात गॅरेजपर्यंत नेणं वेगळं आणि महिनाभर चालवणं वेगळं. घाट, हायवे आणि भरलेली गाडी तर टाळावीच.

गाडीचं पासिंग जवळ आलंय, आता खर्च करावा का?
खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि त्या वेळी गाडीची तपासणी होते. गाडी ठेवायची असेल तर ब्रेकचं काम त्याआधीच करून घ्यावं. विकायची असेल तरी जाम ब्रेकची गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं म्हणजे त्याच्या घरच्यांचा जीव धोक्यात घालणं.

गॅरेजवाला खोलून न पाहताच ‘बदला’ म्हणाला तर काय करायचं?
तीन गोष्टी दाखवायला सांगाव्यात: निपल सैल केल्यावर चाक मोकळं होतं का, पिना हाताने सरकतात का आणि टोपी बाजूला केल्यावर पिस्टनवर खड्डे आहेत का. चांगला मेकॅनिक हे आनंदाने दाखवतो. तिन्हींची उत्तरं समोर आली की साफसफाई, किट की नवा कॅलिपर, हे मालकाला स्वतःच कळतं.